चुन्याची खूण

"आत्या, या बाटलीला कुणी हात लावला?"

"मी कशाला लावू? मला काय कोंबडीचं पिल्लू व्हायचंय?"

सासूबाई चुलीपुढं शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मी ती करंगळीएवढी तपकिरी बाटली खिडकीच्या उजेडात धरून उभी होते. चार दिवसांपूर्वी आणली तेव्हा ती गळ्यापर्यंत भरलेली होती. रोज सहा थेंब, पंधरा दिवस सहज पुरेल, असं जनावरांच्या दवाखान्यातल्या गुरव डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि चौथ्याच दिवशी ती अर्ध्यावर आली होती.

"सांडलं असंल," आत्या म्हणाल्या.

"सांडलं असतं तर डाग पडला असता. हळदीसारखं पिवळंधमक औषध आहे."

"मग उडालं असंल."

टोपण घट्ट लावलेलं औषध उडून जातं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. मी बोलणारच होते, पण तेवढ्यात त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पदराच्या काठावर मला बोटाएवढा पिवळा डाग दिसला.

"आणि हे काय लागलंय?"

"हळद गं बाई. सैपाक करते न्हवं मी पण?"

घरातली हळद परवाच संपली होती. दोन दिवस आमटी बिनहळदीचीच चालली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. आमची वाडी विट्यापासून आत, तासाभराच्या वाटेवर. घरात तिघंच माणसं: मी, सासूबाई आणि आमचे हे. हे एसटीत कंडक्टर, त्यामुळं एक दिवस घरी तर दोन दिवस मुक्कामाच्या गाडीवर. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, तशा माझ्या या हौसाआत्या. कडक बाई. माझं आणि त्यांचं उभं वैर नव्हतं, पण दोघींच्या जिभा सारख्याच धारेच्या, त्यामुळं घरात रोज काहीतरी कापलं जायचंच.

त्या साली माझी आई गेली. तिनं आयुष्यभर बोडक्या मानेच्या कोंबड्या सांभाळल्या. त्या जातीच्या कोंबड्या तिच्याकडं तिच्या आईकडून आलेल्या. आई गेल्यावर भावानं महिन्याच्या आत खुराडं मोडलं आणि कोंबड्यांना बाजार दाखवला. मला कळलं तेव्हा शेवटच्या कोंबडीची बारा अंडी तेवढी कोनाड्यात राहिली होती. मी ती डब्यात भुसा भरून, डबा मांडीवर धरून एसटीनं आणली. वाटेत खड्डा आला की मी डबा हातांवर उचलून धरायची. बाजूची बाई म्हणाली, "काय सोनं हाय का?" मी म्हटलं, "व्हय, तसंच समजा."

घरात आमची एक कोंबडी खुडूक होती. तिच्याखाली ती बारा अंडी ठेवली. बसवायच्या अंड्यांवर आमच्याकडं कोळशानं रेघ ओढतात, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं मधेच येऊन अंडं घातलं तर ते ओळखून काढता येतं. मी एकेक अंडं हातात घेऊन रेघ ओढत होते आणि आत्या उंबऱ्यात बसून पायाला खोबरेल चोळत होत्या.

"पायात मुंग्या येत्यात गं मालन," त्या म्हणाल्या.

"वय झालं आत्या. होतंच असं."

"व्हतंच म्हण. एवढी माहेरची अंडी, यातनं काय निघणार हाय? हलून हलून पाणी झालं असंल."

मला झोंबलं. पण त्यांचंच खरं झालं. एकविसाव्या दिवशी अकरा अंड्यांतून काही निघालं नाही. एकातून निघालं. तांबूस रंगाचं, मानेवर एक पीस नाही, अगदी आईच्या कोंबड्यांसारखं. मी हसत पण होते आणि रडत पण होते.

दहाव्या दिवशी ते पिल्लू बसलं ते उठेना. पायाची बोटं आत वळली, मूठ आवळावी तशी. ढोपरांवर सरकत दाण्यापाशी जायचं आणि कलंडायचं. कोंबडी त्याला टोचायला लागली, म्हणून मी ते उचलून स्वयंपाकघरात बुटाच्या खोक्यात आणून ठेवलं.

आत्यांनी खोक्यात डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मान मुरगाळ याची. सुटंल बिचारं. पांगळं पिल्लू कधी उठत न्हाई."

"उठेल."

"लई बघितलीत मी. न्हाई उठत."

"तुमच्या तोंडात साखर पडो म्हणायची सोय नाही बघा," मी म्हटलं आणि खोका उचलून दवाखान्याची वाट धरली. दवाखाना वाडीच्या वरच्या अंगाला, चालत पाऊण तास. गुरव डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेतलं, एकेक बोट सरळ करून बघितलं.

"व्हिटॅमिन कमी पडलंय. अंगात ताकद नाही असं नाही, नसांना पोषण नाही. दोन-दोन थेंब, दिवसातून तीनदा, चोचीच्या कडेला सोडायचे. चोचीत ओतू नका, ठसकेल. वेळेवर आणलंत तर उठतात. उशीर झाला की नाही उठत."

मी घरी येऊन देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर बाटली ठेवली आणि आत्यांना ऐकवलं, "उठतात म्हणे."

"कशानं?"

"या औषधानं. पायाच्या नसा मरायला लागलेल्या असल्या तरी परत येतात म्हणाले."

त्यांनी बाटलीकडं बघितलं. ते बघणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

आणि चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू उठलं! थरथरत का होईना, खोक्याच्या कडेला टेकून दोन पायांवर उभं राहिलं. बोटं पुरती सुटली नव्हती, पण सुटत होती. मी आत्यांना हाक मारली. त्या आल्या, भिंत धरून खाली बसल्या आणि एक बोट पुढं करून त्यांनी पिल्लाचा पाय हळूच दाबला. "उठलं की गं खरंच," म्हणाल्या. आवाज एवढा बारीक की मला वाटलं, यांचा मुखभंग झाला म्हणून आवाज गेला.

बाटली अर्धी झालेली मला दिसली ती त्याच दिवशी.

रात्रीच्या जेवणाला हे घरी होते. मी वाढता वाढता सांगितलं. आत्या बाहेर भांडी विसळत होत्या.

"आई कशाला औषध ओतून देईल?" हे म्हणाले.

"पिल्लू मरावं म्हणून. त्यांनी सांगितलं होतं ना, उठत नाही म्हणून? आता उठलं तर त्यांचा शब्द खाली पडतो."

"मालन, काय बोलतीस तू? ती म्हातारी, आणि हे एवढंसं पिल्लू."

"मग बाटली कुठं गेली? तुम्ही प्यालात?"

"आता काय आईची झडती घेऊ?" हे जरा मोठ्यानंच म्हणाले. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी खूण केली. तपकिरी काचेवर कोळसा दिसत नाही, म्हणून आत्यांच्या तंबाखूच्या चंचीतून नखाएवढा चुना घेतला आणि औषध जिथवर होतं तिथं बरोबर बारीक रेघ ओढली. अंड्यावर ओढतात तशीच. मनात म्हटलं, आता बघू औषध कसं उडतं ते.

पुढचे तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून त्या बाईवर नजर ठेवली. आणि नजर ठेवायला लागलं की काय काय दिसतं! त्या कारण नसताना स्वयंपाकघरात जायच्या. मी आत गेले की फडक्यानं फळी पुसायला लागायच्या. एकदा देवळातून एकाच चपलेनं घरी आल्या. दुसरी कुठं म्हटल्यावर खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! न्हाई व्हय?" मी हसले. मग वाटलं, यांचं ध्यान कुठं आहे? यांच्या डोक्यात काय शिजतंय?

आणि बाटली? तीन दिवस मी रोज सहा थेंब काढत होते आणि बाटली रेघेच्या खाली उतरायला तयार नव्हती. एके दिवशी तर रेघेच्या केसभर वरच होतं औषध. आधी कमी का होतं म्हणून मी चिडले होते, आता कमी का होत नाही म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी त्यात काहीतरी ओतत होतं.

पिल्लू पुन्हा बसलं. आदल्या दिवशी खोक्याच्या कडेवर चोच घासणारं पिल्लू आता मान टाकून पडलं होतं आणि बोटं परत आत वळली होती. मी तळहातावर एक थेंब घेतला. पिवळा नाही. वास नाही. जिभेला लावून बघितलं. पाणी. नुसतं पाणी, किंचित कडवट.

त्या वेळी मला जो राग आला तसा राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही. माझ्या आईची शेवटची खूण माझ्या डोळ्यांसमोर मरत होती आणि मीच तिला दिवसातून तीनदा पाणी पाजत होते. शेजारच्या इंदूवन्संना सांगावं, गावभर करावं, असं वाटलं. पण म्हटलं, नाही. रंगेहाथ धरायची. मग बघू जीभ कशी चालते.

दुसरा दिवस शनिवार. हे गाडीवर गेले होते. सकाळी नऊच्या सुमाराला मी दळणाचा डबा कडेवर घेतला आणि मुद्दाम ओरडून म्हटलं, "आत्या, गिरणीत जाऊन येते हो. गर्दी असते, उशीर होईल."

"जा, जा. सावकाश ये."

सावकाश ये! मी गोठ्याला वळसा घातला, डबा तिथंच ठेवला आणि परसातल्या खिडकीपाशी येऊन उभी राहिले. गजातून चूल दिसत होती, फळी दिसत होती, पिल्लाचा खोका दिसत होता.

थोड्या वेळानं आत्या आल्या. भिंतीला धरून आल्या, एकेक पाऊल बघून टाकत. फळीवरून बाटली काढली. खाली बसल्या, पाय लांब केले. टोपण काढायला त्यांना बराच वेळ लागला. मी वाट बघत होते, आता पिल्लाकडं वळतील, आता मोरीत ओततील.

त्यांनी तोंड वर केलं, आ वासला आणि ड्रॉपर जिभेवर धरला.

"एक," त्या पुटपुटल्या. "दोन. तीन."

दहापर्यंत मोजलं. मग तांब्यातलं पाणी बोटानं थेंब थेंब बाटलीत सोडलं, बाटली उजेडात धरली, चुन्याची रेघ बघितली, अजून एक थेंब सोडला.

मी कधी दारातून आत गेले मला कळलं नाही. "आत्या!"

त्या एवढ्या दचकल्या की बाटली हातातून पडली आणि घरंगळत चुलीपाशी गेली. त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"पिल्लाचं औषध पिता? माझ्या आईच्या पिल्लाचं? तोंडानं सांगायचं की मला! आणि वरून पाणी घालून ठेवता? ते मरायला लागलंय तिकडं!"

"मला ठावं न्हवतं गं," त्या पदराआडून म्हणाल्या. "पाण्यानं त्याचं वंगाळ व्हईल असं न्हाई वाटलं. तू रेघ वढलीस. माझ्याच चंचीतला चुना काढून माझ्यावरच खूण केलीस. मी शाळा शिकले न्हाई, पर खूण वळखते. रेघंखाली गेलं की तू बोलणार. म्हणून भरत गेले."

"पण प्यायचं कशाला? कोंबडीचं औषध!"

"ते उठलं न्हवं?"

मला कळेना. "कोण उठलं?"

"पिल्लू. चौथ्या दिवशी उठलं. तूच म्हणालीस, नसा परत येत्यात म्हणून. मालन, मला भुई कळंना झालीया. पाय टाकते आणि पायाखाली काय हाय ते समजत न्हाई. चप्पल गेली तरी समजली न्हाई. म्हटलं, त्याला गुण आला तर मला का येणार न्हाई? त्याच दिवशी पयला घोटभर घेतलं."

"मग सांगायचं नाही का?"

त्यांनी पदर खाली घेतला. रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

"सांगितलं हुतं की. तुलाच. तू अंड्यावर रेघा वढत हुतीस. वय झालं, व्हतंच असं, म्हणालीस."

मी खाली बसले, पडलेली बाटली उचलायला. आणि तेव्हा त्यांचे लांब केलेले पाय माझ्या तोंडासमोर आले. उजव्या तळव्यात, टाचेच्या जरा पुढं, बाभळीचा काटा मोडून बसला होता. बोटाच्या पेराएवढा. भोवती काळंनिळं झालं होतं, सुजलं होतं, कडेनं पू दिसत होता. दोन-तीन दिवसांचा तरी काटा असणार. चप्पल हरवली तेव्हाचा.

"आत्या, पायात काटा आहे."

"कुठं? असंल बारीकसा."

मी चिमट्यानं काटा ओढला. भळकन पू आला, मागून रक्त आलं. मी दात आवळले होते. आणि त्या माझ्याशी बोलत होत्या, "ती बाटली आता टाकून दे, दुसरी आण, मी न्हाई हात लावायची," असं काहीतरी. तळव्याशी काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. पाय जरासुद्धा हलला नाही. आई गं!

खोक्यात पिल्लानं बारीक चिवचिव केली.

जनावरांचा दवाखाना शनिवारी बारापर्यंत उघडा, मग थेट सोमवारी. माणसांचे डॉक्टर विट्याला, आणि विट्याची गाडी साडेदहाला, त्यानंतर दिवस मावळताना. दवाखाना वरच्या अंगाला, गाडीचा थांबा खालच्या अंगाला. इंदूवन्सं रानात गेलेल्या, घरोघरची माणसं रानात. मी खोक्याकडं बघितलं आणि त्या पायाकडं बघितलं.

आत्यांना माझं बघणं कळलं. "आधी पिल्लू ने," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं हाय ते. माझं काय, सोमवारी बघू."

खरं सांगते, एक क्षणभर माझ्या मनात आलं की न्यावं. त्यांच्यामुळंच मरतंय तर त्यांनीच थांबावं. मग मी कोंबड्या झाकायचं डालगं उचलून खोक्यावर झाकलं, आत्यांच्या पायाला धुवट फडकं बांधलं आणि त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"चला."

"मालन, अगं पिल्लू..."

"चला म्हणते ना!"

विट्याच्या डॉक्टरांनी पाय बघितला, रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. किती वर्षं अंगात होती कुणास ठाऊक. म्हणाले, सोमवारी आणला असता तर पाऊल राहिलं नसतं. मग कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "आजी, सध्या कुठलं औषध चालू आहे?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"कोंबडीचं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी मला पुढं बोलावून सांगितलं, "यांना काटा टोचला, भाजलं, कापलं, काही कळणार नाही. तुम्हालाच बघावं लागेल. रोज. दोन्ही तळवे."

घरी परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी डालगं उचललं. पिल्लू एका कुशीवर होतं, गार. मानेवर पीस नसल्यामुळं ती मान फार बारीक दिसत होती. आत्या बांधलेला पाय घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, आत येईनात.

"गेलं?"

"गेलं."

"माझ्यामुळं गेलं."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. माझ्या तोंडातून ते निघालं नाही, कारण ते खरं नव्हतं. परसात लिंबाच्या बुडाशी मी एकटीनंच खड्डा काढला. माती ओढताना आईची आठवण आली आणि मी पोटभर रडले. मग हात धुतले, कोमट पाण्याचं घमेलं घेतलं आणि आत्यांपुढं जाऊन बसले.

"पाय पुढं करा."

त्यांनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. घाबरल्या असाव्यात. पण हौसाआत्याच त्या. दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले आणि म्हणाल्या, "घे. झडती घे."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की मी त्यांचे तळवे बघायची. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखांच्या कडा, सगळं. भांडण झालेलं असलं तरी बघायची. बोलणं बंद असलं तरी त्या पाय पुढं करायच्या आणि तेवढं एक वाक्य बोलायच्या, "घे झडती." कधी पुढं जोडायच्या, "बघ, काय चोरलंय का." नऊ वर्षं. पाऊल शेवटपर्यंत शाबूत राहिलं.

त्या गेल्या ती दुपारची वेळ होती. बायकांनी आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, मळवट भरला नाही कारण मामंजी आधीच गेलेले. सगळं झाल्यावर मी म्हटलं, जरा थांबा. मी पायथ्याशी बसले, दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि एकेक बोट बाजूला करून तळवे बघितले. इंदूवन्सं म्हणाल्या, "मालन, काय करतीस?"

मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. आत्या काही बोलतील म्हणून.